पदरगाठ

पांढरा, खडूसारखा तुकडा – पण खडू जिभेवर असा विरघळत नाही. हा आधी टाळूला पिठासारखा चिकटतो, क्षणभर काहीच सांगत नाही, आणि मग जिभेच्या दोन्ही कडांनी आंबटपणा असा चढत येतो की डोळे आपोआप बारीक होतात. आत काळं बी, बीला लाल दोरे. नीतूनं मांडवाच्या – मांडूगडावरच्या – चिंचेचा तो तुकडा डाव्या गालात सारला आणि खिडकीबाहेर पाहिलं. धार मागे पडलं होतं. घाटाबिल्लोदच्या अलीकडे पीथमपूरला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसा एकामागून एक पुढे निघून जात होत्या, त्यांच्या काचांना डोकी टेकून पहिल्या पाळीची माणसं झोपली होती, आणि नीतूला – चाळिशी उलटली, मांडीवर स्वतःचा जाडजूड प्रबंध – अजूनही गाडी लागत होती.

गाडी लागते म्हणून चिंच. इतकं साधं. इतकं साधं असूनही ते कळायला तिची पाच वर्षं गेली होती, आणि आज दुपारी देवासच्या कॉलेजात, तोंडी परीक्षेत, ती तेच सांगणार होती – चार लोकांदेखत. त्या चार लोकांत बाबा असणार होते.

असणार म्हणजे काय, उजाडायच्या आत फोन! "निघालीस का? मी कोट काढलाय. शेजारच्या उदाजीरावांना पण सांगितलंय, ते पण येतायत. बाहेरच्यांना बसू देतात ना? नाहीतर तिथं जाऊन फजिती."

"बसू देतात बाबा. ओपन असतं ते. कोणी पण येऊन प्रश्न विचारू शकतं."

हे शेवटचं वाक्य कशाला बोललीस, बाई? पण जीभ घसरली ती घसरली. पलीकडे बाबा "अस्सं!" म्हणाले, आणि त्या 'अस्सं'मध्ये इतका आनंद होता की नीतूला फोन ठेवल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहावं लागलं. गेलं वर्षभर ते सगळ्या आळीला सांगत होते, की आमच्या मुलीची पीएचडी चाललीय, आमच्या कुळावर. साताऱ्याहून आणलेला आमचा कुळाचार आता पुस्तकात जाणार. खरं काय जाणार होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. प्रबंध हिंदीत, बाबांना हिंदी उत्तम येतं, वाचायला मागितला असता तर तिनं दिला असता... दिला असता? बरं, त्यांनी मागितला नाही, हे खरं. आणि तिनंही पुढं केला नाही, हेही तितकंच खरं.

शालिग्राम पतंगे, देवासला टेकडीच्या पायथ्याशी शेरवानी-सूटवाले. आता दुकान दुसऱ्याला दिलंय, पण गळ्यात टेप नाही म्हणून मान अजून ओकीबोकी वाटते असं म्हणतात. त्यांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर आले, तंबू आणि निशाणं शिवायला. मालव्यात अशी पुष्कळ घरं आहेत – शिवणारी, नाल ठोकणारी, जीन बांधणारी – ज्यांच्या पिढ्यांनी सातारा पाहिलेला नाही आणि ज्यांचं सगळं साताऱ्याचं. तर या घरांत भाद्रपदात गौरी उभ्या राहतात, आणि तिसऱ्या दिवशी निरोपाच्या वेळी घरातली थोरली बाई गौरीच्या पदराच्या टोकाला मांडवाच्या चिंचेचा एक तुकडा बांधते. ती पदरगाठ. मग दहीभात, मग अक्षता, मग निरोप. नंतर साडीची घडी घालताना गाठ सोडतात, आणि तो तुकडा बायका आपसांत वाटून खातात. पुरुषांना देत नाहीत. पुरुष मागतही नाहीत.

पण गोष्ट सांगायची ती पुरुषांनी. बाबा काय सांगत! निशाणं शिवणारा रामजी, मागे बैलगाडीत त्याची बायको, उन्हाळा, नर्मदा अजून दूर, पखालीतलं पाणी संपलेलं, आणि त्या माउलीनं पदराला बांधून आणलेला साताऱ्याचा आंबट खडा – तोच तिनं पोरांच्या जिभेवर ठेवला आणि नर्मदा गाठली. लहानपणी नीतू नर्मदा येईपर्यंत दरवर्षी रडायची. मग बाबा वंशावळ म्हणत, देवाला म्हणावी तशी, एका दमात: रामजी, रामजीचा खंडोजी, खंडोजीचा सुभानजी... थेट स्वतःपर्यंत. आणि शेवटी, आईकडे बघून, ठरलेलं वाक्य: "हिला आल्यावर काही येत नव्हतं. पदरगाठ माझ्या आईनं शिकवली हिला."

"मला येतच होती," आई म्हणायची.

"कशी येईल? तू धारची. ही आमच्या कुळाची गोष्ट आहे."

आई हसायची, पदर खोचायची आणि आमटी ढवळायला आत जायची. दरवर्षी एकदाच म्हणायची. दुसऱ्यांदा कधी नाही. मला येतच होती. दुर्गा पतंगे, माहेर धार. वारली त्याला आता सहावा भाद्रपद येईल, आणि नीतूला तिच्या आवाजातलं इतर पुष्कळ काही विसरायला झालं होतं, हे तीन शब्द मात्र – बस गचका देऊन थांबली, तोंडाला पाणी सुटलं, तिनं चिंच दुसऱ्या गालात घेतली – हे तीन शब्द मात्र कुठं जायला तयार नव्हते.

म्हणून तर तिनं हा विषय घेतला होता. उघड सांगितलं नाही कुणाला. मार्गदर्शक मुजुमदार सरांना सांगितलं की लोकविधींचा अभ्यास. डॉक्टर शरच्चंद्र मुजुमदार – जुन्या दरबारी घराण्यातले, बोलताना प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवणारे – चष्म्यावरून बघून म्हणाले होते, "पतंगेबाई, गोष्ट आणि दावा यांत भेद काय तो आधीं सांगा."

तिला सांगता आला नव्हता.

"गोष्ट खोटी ठरली तरी गोडच राहते. दावा खोटा ठरूं शकतो, म्हणून तर त्याची किंमत. तुमचा दावा काय?"

मग तिनं दावा केला. उत्साहात केला. चिंच मांडूला पिकते, झाडं तिथली, म्हणजे गाठ इथली, साताऱ्याची नाही – झालं! सरांनी तो दावा चहा निवायच्या आत संपवला. हीच गोरखचिंच, महाराष्ट्रातही तिची झाडं आहेत. आणि नसतील समजा, तरी वस्तू बदलते, विधी राहतो. तिकडे साधी चिंच बांधत असतील, इकडे आल्यावर ही बांधली. नीतू म्हणाली, पण सर, मी साताऱ्याकडे चौकशी केली, तिकडे आता अशी गाठ कुणी बांधत नाही. "म्हणून नव्हतीच? तिकडे विसरले आणि इकडे टिकलें, असें होत नाही? सांपडलें नाही म्हणजे नव्हतें, हा कुठला न्याय?" त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती रडली होती, आणि चिंच बरोबर नव्हती म्हणून वर ओकारीही झाली होती, माणसाची मानहानी अर्धवट कधी होत नाही.

त्यावर बाबांनीच – नकळत – तिला एक शब्द दिला होता. तिनं विचारलं, परिकल्पनेला मराठीत काय म्हणतील हो? बाबा कोटाची बाही पालथी करून बसले होते. परिकल्पना म्हणजे काय ते त्यांनी ऐकून घेतलं: काम सुरू करण्यापुरतं धरलेलं उत्तर, पुढं टिकेल न टिकेल. "मग कच्चा टाका म्हण ना," ते म्हणाले. "लांब लांब घालायचा, अंगावर चढवून बघायचा, नाही बसलं तर सर्रकन उसवायचा. कच्च्या टाक्यावर जीव लावायचा नसतो. पोरं नेमकी तिथंच जीव लावतात."

खरंच लावला होता. दोन वर्षं ती धार, अमझेरा, देवास, बागली अशी दारोदार फिरत होती, आणि प्रत्येक ओसरीवर तोच प्रश्न: ही गाठ तुमच्याकडे कुठून आली? आणि प्रत्येक ओसरीवर तेच उत्तर, छाती काढून: साताऱ्याहून. ध्वनिमुद्रणांचा ढीग झाला. सगळे एकच सांगतात म्हणजे खरं असेल, की सगळ्यांना एकच विचारलं म्हणून सगळे एकच सांगतात? हा संशय आला तेव्हा तिला वाटलं की आपण मूर्ख आहोत. आज वाटतं – बस आता बेटमा सोडून निघाली होती, वारा गार होता, आणि मळमळ मागे हटत होती – आज वाटतं, तो संशय म्हणजे माझ्या आयुष्यातली पहिली शहाणी गोष्ट.

कारण त्यानंतरच तिला ती दोन दारं दिसली. देवासला, एकाच भिंतीला पाठ लावून राहणारे दोन सख्खे भाऊ. कूळ एक, देवक एक, देवी एक, साताऱ्याची गोष्टही एकच. मोठ्याच्या घरात पदरगाठ, धाकट्याच्या घरात नाही. धाकटा ओशाळून म्हणाला, आमच्यात सुटली असेल मध्येच कधी. नीतू मोठ्याच्या स्वयंपाकघरात गेली. त्याची बायको गुड्डी गॅसजवळ उभी होती. "वहिनी, पदरगाठ तुम्हाला सासूबाईंनी शिकवली?" गुड्डी हसली. "सासूबाईंना कुठं येत होती! मी धारची ना." आणि पुन्हा पोह्यांकडे वळली, तिला काय, तिनं सहज सांगितलं होतं. पण नीतूच्या हातातला चमचा बशीत वाजला. मी धारची ना... मला येतच होती.

आणि त्याच क्षणी, त्या परक्या स्वयंपाकघरात, धारचा बसस्टँड. ती आठ वर्षांची, उलटी दाबून आईला चिकटलेली, आजोळची आजी गाडीच्या पायरीशी उभी, आईचा पदर हातात घेऊन त्याच्या टोकाला काहीतरी बांधतेय आणि पुटपुटतेय, "रस्ता वाईट आहे, दुर्गे, पोरीला लागेल, तुला लागेल." गाडी हलते. वळण येतं. आई दातांनी गाठ सोडते आणि अर्धा तुकडा नीतूच्या जिभेवर ठेवते, अर्धा स्वतःच्या. लेक माहेराहून परत निघाली की आई पदराला चिंच बांधते, वाटेत त्रास होऊ नये म्हणून. आणि गौर कोण? तीन दिवस माहेरी आलेली लेकच. तिला निरोप द्यायचा तर तिच्या पदराला नको बांधायला?

नर्मदा नाही, रामजी नाही, साताऱ्याचा खडा नाही. धारच्या आयांनी, आपल्या लेकींना जसं पाठवलं तसं गौरीला पाठवलं. एवढंच. हा कुळाचार नव्हताच कधी. तिनं त्याला नाव दिलं – माहेराचार. शब्द सुचला तेव्हा ती एकटीच होती आणि तिनं टाळी वाजवली होती.

सरांनी मात्र टाळी वाजवली नाही. "सुंदर," म्हणाले, "म्हणजे धोका. आतां सांगा, हा दावा खोटा ठरवायला काय सांपडावें लागेल?" नीतूनं विचार केला. धारची एकही बाई ज्या घरात कधी आली नाही, तरी गाठ आहे, असं देवासचं एक घर. "एकच?" सर म्हणाले. "एकच पुरे, सर." "मग तेंच शोधा. आपल्या बाजूचीं शंभर घरें कुणालाही सांपडतात." ती पुन्हा फिरली, नवा प्रश्न घेऊन – तुमच्या सासूचं माहेर? तिच्या सासूचं? – आणि किती जणांना ते आठवेना! लग्नात नाव बदललेलं, गाव सुटलेलं. वंशावळीत पुरुषांची ओळ अशी लखलखीत आणि बायकांच्या जागी काहीच नाही, शेजारणी-पाजारणींना विचारून विचारून गावं जमवावी लागली. पण जमली. तसं घर सापडलं नाही. जिथं गाठ, तिथं कधी ना कधी धारकडची सून. जिथून देवासची लेक धारला गेली, तिथून ती गाठ न घेता गेली आणि सासरी शिकली.

एक घर सोडून सगळी घरं पाहिली होती. पद्धतीच्या प्रकरणात रीतसर लिहिलं होतं: शोधकर्तीचं स्वतःचं घर नमुन्यात घेतलेलं नाही. सर खूश झाले, म्हणाले, आपल्या घरचा साक्षीदार घेऊं नये. अगदी योग्य. शास्त्राला धरून. आणि बाबांचं ते वाक्य – माझ्या आईनं शिकवली हिला – ते वाक्य शास्त्राच्या आड कसं छान झाकलं गेलं होतं. आई यायच्या आधी घरात गाठ होती, तर... तर काय, नीतू? त्या तरच्या पुढं ती गेली नव्हती. इंदूरला गाडी बदलताना, देवासची बस पकडताना, आणि मग दूरवर टेकडी दिसायला लागली तेव्हाही ती तिथंच उभी होती.

कॉलेजच्या सभागृहात वीस-पंचवीस माणसं असतील. बाबा दुसऱ्या रांगेत, स्वतः शिवलेल्या बंद गळ्याच्या कोटात, सगळी बटणं लावून. शेजारी उदाजीराव, लग्नाला आल्यासारखे. परीक्षक बाई भोपाळहून आल्या होत्या, बारीक चणीच्या, आवाज मऊ – आणि पहिल्याच प्रश्नाला नीतूला कळलं की हा मऊपणा सुरीचा आहे. धारच्या सुना आणि गाठ एकत्र दिसतात, मान्य. पण एकत्र दिसणं म्हणजे एकामुळे दुसरं होणं का? धारची स्थळं कदाचित जास्त देवभोळ्या घरांनी केली असतील, आणि गाठ त्या भक्तीमुळे असेल?

आणि इथं तिला पहिल्यांदा ते जाणवलं – भीती नाही, तर पोटातून वर येणारं काहीतरी हलकं, जवळजवळ हसू. कारण हा प्रश्न तिला ओळखीचा होता. तो तिनं स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की आता तो घरचा झाला होता. ती म्हणाली, दोन भावांचं घर बघा मॅडम, भक्ती एक, देवी एक, भिंतसुद्धा एक. ती म्हणाली, भक्तीमुळे असतं तर पूजा करणाऱ्या पुरुषांच्या हातात गाठ असती. पण ती बांधते बाई, सोडते बाई, खाते बाई, आणि पुरुषाला तिची चवसुद्धा माहीत नाही. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी साताऱ्याचा प्रश्न विचारला, मग नमुन्याचा, मग मांडूच्या झाडांचा, आणि नीतू बोलत होती, तिचं हिंदी मालवी होत होतं, मध्येच मराठी येत होतं, आणि तिला दिसत होतं की आपण उत्तरं देत नाही आहोत, आपण फक्त उसवून दाखवतो आहोत – हा कच्चा टाका, हाही, हाही, काढा सगळे, बघा, कापड तरी सुटत नाही!

एवढ्या वेळात तिनं एकदाही दुसऱ्या रांगेकडे पाहिलं नव्हतं.

"उपस्थितों में से किसी को कुछ पूछना हो तो..." सर रिवाजाप्रमाणे म्हणाले. रिवाजाप्रमाणे कुणी काही विचारत नसतं. खुर्ची सरकली.

"मी शालिग्राम पतंगे," बाबा उभे राहिले. मग परीक्षक बाईंकडे वळून, "मैडमजी, ये मेरी लड़की है, पर वो अलग बात है. सवाल पूछ सकता हूँ ना?"

"जरूर पूछिए."

"हमारे घर में गाठ इसकी माँ के आने के पहले से थी. मैंने अपनी आँख से देखी है, मेरी माँ बाँधती थी." मग ते नीतूकडे वळले. चेहरा लाल, आवाज मात्र खालचा, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचे तसा. "तू म्हणतेस धारच्या सुनांनी आणली. तुझी आई धारची, खरंय. पण आमच्याकडे तर आधीच होती. मग? ती कुठून आली? बोल."

एकच घर पुरे, सर. ते घर कोट घालून समोर उभं होतं.

सुटायला वाट होती, आणि ती पूर्णपणे सन्मानाची वाट होती. हे घर नमुन्यात नाही. सर डोळ्यांनी तेच सांगत होते, परीक्षक बाईंनी तर सांगायला तोंडही उघडलं होतं. एक वाक्य, आणि बाबा खाली बसले असते, आणि पदवी मिळाली असती, आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा वंशावळ, पुन्हा नर्मदा, आणि मला येतच होती हे म्हणायला आता आईसुद्धा नाही. नीतूनं टेबलाची कड धरली. विचित्र होतं – आत ते हलकं हलकं चढतच होतं, जसं काही आजवरचे सगळे प्रश्न म्हणजे तालीम होती आणि हा पहिला खरा प्रश्न, कारण याचं उत्तर मला ठाऊक नाही. खरोखर ठाऊक नाही. मी विचारलं, आणि उत्तर देवास आलं, किंवा पुणं, किंवा खुद्द सातारा, तर इथं, या सगळ्यांसमोर, पाच वर्षं संपली. आणि विचारलं नाही, तर मी आजवर दारोदार जाऊन काय करत होते?

"बाबा," ती म्हणाली, "आजीचं माहेर कुठलं?"

बाबांनी तोंड उघडलं. तिला स्पष्ट दिसलं की ते सवयीनं वंशावळीत शिरले – रामजी, खंडोजी, सुभानजी – आणि एकेका नावाला हात लावत खाली आले, आणि तिथं बाई कुठंच नव्हती. यमुनाबाई. ती पतंग्यांची यमुनाबाई, बस. तिच्या माहेरी ते कधी गेले नसणार. तिचं माहेर त्यांच्या लहानपणीच तुटलेलं, एवढंच नीतूच्या कानावर होतं. बाबांचा हात वर आला आणि कोटाच्या वरच्या बटणाशी थांबला. ते सातारा म्हणू शकत होते. कोण तपासणार होतं? त्यांची आई, त्यांचं घर, त्यांचा शब्द. नीतूला एकदम आठवलं, दुकानात गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की बाबा टेप तशीच धरून थांबायचे. "श्वास सोडा, साहेब. माप खोटं घेतलं तर कोट खरा कसा होईल?"

त्यांनी श्वास सोडला.

"अमझेरा," ते म्हणाले.

"अमझेरा कहाँ पड़ता है?" परीक्षक बाईंनी विचारलं.

बाबांनी एकदा नीतूकडे पाहिलं. मग बाईंकडे. "धार जिले में, मैडमजी."

"म्हणजे धारच झालं की, भिया!" उदाजीराव मोठ्यानं म्हणाले.

आणि हसू फुटलं, आधी मागच्या रांगेत, मग सगळीकडे, मग टाळ्या. परीक्षक बाई स्वतः टाळ्या वाजवत होत्या, टेबलावर हात आपटून, पोरीसारख्या. नीतूला मात्र काही वेळ नुसतं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. जिंकले. मी जिंकले! तिनं मनाशी म्हणून पाहिलं, आणि ते खरं होतं, निर्लज्जपणे खरं होतं, तिला नाचावंसं वाटत होतं. आई, ऐकलंस? तुला येतच होती. तुझ्या सासूलाही येतच होती, तुमच्यापैकी कुणी कुणाला शिकवलं नाही, तुम्ही दोघी ती आपापल्या पदराला बांधून आलात आणि एका चुलीपुढं गप्प बसलात.

पदवीची शिफारस झाली हे सरांनी बाहेर येऊन सांगितलं. मग तिच्या कानाशी वाकून, "पतंगेबाई, आपल्या घरचा साक्षीदार घेऊं नये म्हणतात. पण प्रतिपक्षाचा घेतां येतो," आणि तिनं त्यांना पहिल्यांदाच दात दाखवून हसताना पाहिलं.

बाबा आवारातल्या निंबाखाली एकटे उभे होते. उदाजीराव पेढे आणायला गेले होते. पेढे तर हवेतच, काहीही झालं तरी पेढे. नीतू जवळ गेली. पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि काढला नाही, तसाच राहू दिला, जणू विसरले.

"तिचं नाव काय होतं ग?"

"कुणाचं, बाबा?"

"आईचं. यमुना आमच्याकडचं. लग्नातलं." ते टेकडीकडे बघत होते. "अमझेऱ्याला तिला काय म्हणत असतील?"

आता विचारायला कोण उरलं होतं? गेली पाच वर्षं तिनं मनात किती वेळा हा दिवस रंगवला होता – बाबा कबूल करतायत, बाबा रागावतायत, बाबा आठ दिवस बोलत नाहीयेत – आणि हा प्रश्न तिच्या कुठल्याच तयारीत नव्हता. सात नावांच्या त्या लखलखीत ओळीत, प्रत्येक नावाशेजारी, आता एकेक मोकळी जागा दिसायला लागली होती. तिलाच नाही, त्यांनाही. बाबांना ती जागा बोचत होती की नाही, ते आता साताऱ्याची गोष्ट सांगतील की नाही... तिनं विचारलं नाही. विचारावंसंच वाटलं नाही.

"ती चिंच आहे का तुझ्याकडे?" बाबा म्हणाले.

तिनं पर्स उघडली. त्यांनी तळहात पुढं केला – शिवणकामानं तर्जनीचं टोक कठीण झालेला तो हात – आणि तुकडा घेतला, उलटसुलट पाहिला, कापडाचा पोत बघावा तसा, आणि तोंडात टाकला. क्षणभर काहीच नाही. मग सत्तरी ओलांडलेल्या त्या चेहऱ्यावरचे डोळे हळूहळू बारीक झाले.

"आंबट आहे," ते म्हणाले, नवल सांगावं तसं. थोड्या वेळानं, गाल फुगवून, "बीचं काय करायचं? थुंकायचं?"

इतक्या वर्षांत, गौरींबद्दल, गाठीबद्दल, कशाबद्दलही, त्यांनी तिला विचारलेली ही पहिली गोष्ट होती की जी त्यांना माहीत नव्हती. नीतूला धारची गाडी दिसली, वळण दिसलं, दातांनी सुटणारी गाठ दिसली.

"नाही," ती म्हणाली. "आई तोंडात ठेवायची. गाव येईपर्यंत."

बाबांनी मान हलवली आणि बी दुसऱ्या गालात घेतलं.